नागपूरच्या उन्हाळ्यात जमीन गोठवून विषारी पाणी अडवता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंगण्याच्या बाजूला एका कुटुंबाचं तीन-सव्वातीन एकराचं शेत आहे. बांधाला लागून रंग आणि थिनर बनवणारा एक बंद पडलेला कारखाना. त्याच्या आवारातली जमिनीखालची टाकी फुटली होती, असं गावात बोललं जातं. दोन वर्षांपासून यांच्या विहिरीच्या पाण्याला थिनरसारखा वास येतो. घरातल्या मुलाने जपानमधल्या अणुभट्ट्यांभोवतीच्या बर्फाच्या भिंतीबद्दल वाचलं आणि मला विचारलं, "ताई, तसं आपल्याकडे करता येईल का? मे महिन्यात ४५-४६ अंश तापतं, त्यात बर्फ टिकेल का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो मला सगळेच विचारतात. बर्फ टिकेल. आपला उन्हाळा ही या कामातली खरी अडचण नाही. दिवसाचा तापमानाचा चढउतार जमिनीत अर्ध्या मीटरच्या आत विरून जातो आणि ऋतूंचा चढउतार आठ-दहा मीटरवर जवळजवळ संपतो. त्याखाली जमीन बारा महिने एकाच तापमानाला असते, नागपुरात साधारण २७ अंशांच्या आसपास. म्हणून तर डिसेंबरच्या पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं आणि मेच्या दुपारी तेच पाणी गार वाटतं. पाणी तेच असतं, बदललेली असते ती आपल्या अंगाला लागणारी हवा. तेव्हा गोठवायची आहे ती २७ अंशांची जमीन, ४६ अंशांची नाही.

याचा हिशोब मांडून बघू. पाण्याने पूर्ण भिजलेल्या मातीच्या एका घनमीटरमध्ये साधारण ३५० किलो पाणी असतं. ते २७ अंशांवरून शून्यावर आणायचं, गोठवायचं आणि मग उणे १० पर्यंत न्यायचं, तर तिथून सुमारे ६० युनिट (विजेच्या मीटरवरचेच युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) उष्णता काढून घ्यावी लागते. जिथली जमीन १५ अंशांची आहे तिथे हेच काम सुमारे ५० युनिटमध्ये होतं. फरक वीस टक्क्यांचा, कारण निम्म्याहून जास्त उष्णता पाण्याचा बर्फ होतानाच निघते आणि तो भाग जगात सगळीकडे सारखाच. एक किलो पाणी शून्य अंशावर असतानाही त्याचा बर्फ करायला ३३४ किलोज्यूल काढावे लागतात, मग ते पाणी नागपूरचं असो की जपानचं.

मग अडचण कुठे आहे? वाहतं पाणी, भिंतीचा तळ, तुमच्या जमिनीत गेलेला पदार्थ आणि विजेचं बिल, या चार ठिकाणी. ते सांगण्याआधी भिंत बनते कशी ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

ही युक्ती जुनी आहे. जर्मनीत पोएत्श नावाच्या अभियंत्याने १८८३ मध्ये तिचं पेटंट घेतलं. खाणीचा शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर, ओल्या वाळूतून खाली न्यायचा असला की पाणी आणि वाळू आत कोसळायची. त्यावर उपाय म्हणून भोवतीची जमीनच गोठवायची आणि मग मधोमध कोरड्याने खणत जायचं. जमिनीत साधारण एकेक मीटरवर बोअर मारतात. प्रत्येक बोअरमध्ये तळ बंद केलेला लोखंडी पाइप सोडतात आणि त्याच्या आत दुसरी बारीक नळी. आतल्या नळीतून उणे ३० अंशांच्या आसपास थंड केलेलं खारं पाणी, म्हणजे कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण, खाली जातं आणि दोन पाइपांमधल्या फटीतून वर येतं. येताना जमिनीची उष्णता घेऊन येतं. प्रत्येक पाइपभोवती गोठलेल्या मातीचा खांब जाड होत जातो. महिना-दोन महिन्यांत शेजारचे खांब एकमेकांना चिकटतात आणि भिंत तयार होते. भिंत असते ती मातीचीच. मातीच्या कणांमधल्या ज्या जागेतून पाणी वाहायचं ती जागा बर्फाने बुजलेली असते, एवढंच.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर जपानला जायची गरज नाही, नागपुरातल्या कुठल्याही बर्फाच्या कारखान्यात जा. आमच्या कामावर नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी आधी तिथेच नेते. लाकडी फळ्यांखाली खाऱ्या पाण्याचा मोठा हौद, त्यात पत्र्याचे उभे डबे बुडवलेले, डब्यांत साधं पाणी. हौदातलं खारं पाणी शून्याखाली असूनही वाहतं आणि डब्यातलं पाणी कडेकडून आत गोठत जातं. जमिनीत करायचं तेच, फक्त उलटं: थंडावा मध्ये, गोठणं बाहेरच्या दिशेने.

एका एप्रिलमध्ये तिथल्या मिस्त्रींनी डब्यातून नुकतीच काढलेली लादी माझ्यासमोर उभी केली. बाहेरून काचेसारखी पारदर्शक, पण मधोमध वरपासून खालपर्यंत एक पांढरा, धुरकट पट्टा. म्हणाले, "मॅडम, हे मधलं चाखून पाहा, खारट लागते." खरंच मचूळ लागलं. गोठताना पाणी आपल्यातले क्षार आणि हवा पुढे ढकलत नेतं आणि शेवटी सगळं मध्ये कोंडतं. म्हणून चांगल्या कारखान्यात लादी पूर्ण गोठायच्या आधी मधलं पाणी उपसून ताजं पाणी भरतात. जमिनीतही असंच घडतं. गोठत जाणारी कड विरघळलेले क्षार आणि रसायनं थोडीफार पुढे सरकवते आणि जिथे ती साठतात तिथलं पाणी शून्यावर गोठत नाही, आणखी खाली जावं लागतं. प्रदूषित जागेवर "शून्याच्या खाली गेलं की झालं" असा हिशोब म्हणूनच चालत नाही.

मी त्यांना विचारलं होतं, लाईन गेली तर काय करता? म्हणाले, "लाईन गेली तं घाबराचं काम नाही. दहा-बारा घंटे काई होत नाही. कम्प्रेसर बसला तं मंग पाहाव लागते." जमिनीतल्या दीड-दोन मीटर जाड भिंतीला तर काही तासांच्या भारनियमनाने ओरखडाही येत नाही. तिला वितळायला कित्येक आठवडे लागतात.

आता फुकुशिमा, कारण तुमचा प्रश्न तिथूनच आला. २०११च्या अपघातानंतर डोंगराकडून समुद्राकडे वाहणारं भूजल फुटलेल्या इमारतींच्या तळघरात शिरत होतं, दिवसाला सुमारे ४०० टन, आणि आतल्या किरणोत्सारी पाण्यात मिसळत होतं. ते अडवायला चार अणुभट्ट्यांभोवती सुमारे दीड किलोमीटर लांब आणि ३० मीटर खोल भिंत आखली. दीड हजारांहून जास्त गोठवण-पाइप, खर्च सुमारे ३४.५ अब्ज येन. गोठवायला सुरुवात झाली ३१ मार्च २०१६ रोजी. काही ठिकाणी पाणी इतक्या जोराने वाहत होतं की जमीन गोठेचना. तिथे आधी सिमेंटचं मिश्रण जमिनीत दाबून पाण्याचा वेग कमी करावा लागला, मग बर्फ धरला. या अणुभट्ट्या ज्यांच्या आहेत त्या टेपको कंपनीच्याच २०१८च्या हिशोबानुसार एकट्या बर्फाच्या भिंतीमुळे दिवसाला सुमारे ९५ टन पाणी कमी झालं. बाकीचा फरक इमारतींभोवतीच्या उपसा-विहिरींनी आणि पावसाचं पाणी जमिनीत मुरू नये म्हणून केलेल्या फरसबंदीने पाडला. भिंतीची बातमी झाली, पण अर्ध्याहून जास्त काम साध्या पंपांनी आणि डांबराने केलं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण तुमच्या शेताशी याचा थेट संबंध आहे.

तिथल्या दोन गोष्टी मी कधी विसरत नाही. पहिली, त्याच ठिकाणी २०१४ मध्ये केबल-पाइपांच्या एका भुयारात साठलेलं दूषित पाणी गोठवून बूच मारायचा प्रयत्न झाला. पाणी आत-बाहेर हलत होतं, म्हणून गोठेना. शेवटी वरून शेकडो टन बर्फ आणि कोरडा बर्फ टाकून पाहिला, तरी बूच पक्कं झालं नाही आणि भुयार विशिष्ट सिमेंटने भरावं लागलं. हलणारं पाणी आपली उष्णता सतत पुढे आणत राहतं, तुम्ही काढाल तेवढी ते परत भरतं. खाऱ्या पाण्याच्या पद्धतीत भूजलाचा वेग दिवसाला एक-दोन मीटरच्या वर गेला की खांब एकमेकांना भेटत नाहीत, मध्ये खिडक्या राहतात आणि आकसलेल्या वाटेतून पाणी आणखी जोरात धावतं. उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन वापरून त्याहून वेगवान पाणीही गोठवता येतं, पण तो टँकरने आणून हवेत सोडून द्यायचा असतो. महिनोन्महिने कुणाला परवडत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याच्या पातळीची. फुकुशिमात डोंगराकडची बाजू एकदम बंद केली नाही. समुद्राकडची आधी आणि डोंगराकडची टप्प्याटप्प्याने, नियामकांची परवानगी घेत घेत. कारण असं की बाहेरून येणारं पाणी अचानक थांबलं आणि इमारतींभोवतीची भूजल पातळी आतल्या दूषित पाण्याच्या खाली गेली, तर आतलं विष बाहेर जमिनीत उतरेल. भिंत कुठलीही असो, बर्फाची, बेंटोनाइटची (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीची) की सिमेंटची, दूषित बाजूची पातळी नेहमी स्वच्छ बाजूपेक्षा खाली हवी. मग भिंतीला चीर पडली तरी स्वच्छ पाणी आत येतं, घाण बाहेर जात नाही. ही पातळी राखणारी गोष्ट भिंत नसते, पंप असतो.

प्रदूषणासाठी म्हणून जमीन गोठवण्याची आणखी दोन उदाहरणं तुम्हाला उपयोगी पडतील. अमेरिकेत टेनेसीमधल्या ओक रिजला एका जुन्या प्रायोगिक अणुभट्टीचं दूषित पाणी सोडलेलं छोटं तळं होतं, सीझियम आणि स्ट्रॉन्शियम असलेलं. १९९७-९८ मध्ये त्याच्याभोवती ५० पाइपांची गोठवलेली भिंत करून ती पाणी अडवते की नाही हे रंगद्रव्य सोडून तपासलं. जागा लहान, उथळ, आजूबाजूची माहिती पक्की, आणि पुढे काय करायचं ते ठरेपर्यंत अडवून ठेवायचं एवढाच हेतू. तिथे ही पद्धत शोभली. दुसरं कॅनडातल्या येलोनाइफजवळच्या जायंट सोन्याच्या खाणीचं. तिथे भट्ट्यांमधून निघालेली आर्सेनिक ट्रायऑक्साइडची २,३७,००० टन धूळ खाणीच्याच पोकळ्यांत भरून ठेवलेली आहे. ती पाण्यात विरघळते, म्हणून सगळं जमिनीतच गोठवून ठेवायचं ठरलं. तिथे थर्मोसायफन नावाच्या बंद नळ्या वापरतात. आतला कार्बन डायऑक्साइड खाली उष्णता घेऊन उकळतो, वर जाऊन हिवाळ्याच्या हवेत थंड होतो आणि पुन्हा खाली उतरतो. वीज लागत नाही, कारण हिवाळाच मशीनचं काम करतो. आपल्याकडे जानेवारीत पारा सात-आठ अंशांवर आला तरी आपण शेकोट्या पेटवतो. आपला हिवाळा हे काम कधीच करणार नाही. इथे भिंत गोठलेली ठेवायची तर बारा महिने कम्प्रेसर चालवावा लागेल.

आता तुमच्या जमिनीकडे येऊ. नागपूर शहराखाली जमीन एकसारखी नाही. पूर्वेकडे जुना ग्नाइस, उत्तरेला कामठीचा वालुकाश्म, पश्चिमेला बेसाल्ट म्हणजे काळा पत्थर. हिंगणा बेसाल्टवर आहे. तुमच्याच विहिरीत डोकावून पाहा, सगळं लिहिलेलं दिसेल: वर काळी माती, खाली मुरूम, मग फुगीर भोकांचा मऊसर खडक ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात, आणि त्याखाली ठणठणीत काळा पाषाण. पाणी झिरपतं ते मुरमातून, मांजऱ्यातून आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यातून. पाषाणातून पाणी जातं ते फक्त भेगांतून, पण जिथे भेग आहे तिथे पावसाळ्यात धो धो जातं.

यात बर्फाच्या भिंतीला एक गोष्ट फायद्याची आहे. बेसाल्टमध्ये पोकळ जागा कमी, म्हणजे गोठवायचं पाणी कमी, म्हणजे दर घनमीटरला उष्णताही कमी काढायची. शिवाय जिथे लोखंडी शीट-पाइल, म्हणजे पाणी अडवायला जमिनीत ठोकतात ते जाड पत्रे, ठोकता येत नाहीत तिथेही बोअर मारता येतो. पण तोटे जास्त. भेगेतलं पाणी ऑगस्टमध्ये एक-दोन मीटरच्या वेगमर्यादेच्या कितीतरी पुढे जातं. म्हणजे फुकुशिमासारखं आधी सिमेंट दाबून भेगा भरा आणि मग गोठवा. भेगा नीट भरल्या तर बर्फाची गरजच पुष्कळ कमी होते, हे लक्षात घ्या. काळ्या मातीचं वेगळंच. तिच्या बारीक कणांना चिकटलेलं पाणी उणे दोन-तीन अंशांवरही पूर्ण गोठत नाही, त्यामुळे बरंच खाली जावं लागतं. गोठताना ती फुगते आणि वरचा पाया, पाइपलाइन उचलते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एकदा गोठून वितळलेली चिकणमाती पूर्वीसारखी राहत नाही. तिच्यात बारीक भेगा पडतात आणि जी माती पाणी धरून ठेवायची तीच पाणी सोडू लागते. भिंत बंद केल्यावर तुमची जमीन आधीपेक्षा गळकी झालेली असू शकते.

तळाबद्दल मी जरा जास्तच हळवी आहे, कारण तिथेच मी एकदा हरलेलं काम पाहिलं आहे. एका कारखान्यात, नाव घेत नाही, बेंटोनाइटची भिंत माझ्या आधीच्या लोकांनी मुरमात सहा मीटरवर संपवली होती. खाली पाषाण लागला असं समजून. प्रत्यक्षात तो पाषाणाचा एक सुटा गोटा होता. त्याच्याखाली मांजऱ्याचा थर होता आणि पाणी त्यातून आरामात पलीकडे जात होतं. दोन पावसाळे सगळे भिंतीला दोष देत राहिले. भिंत चांगलीच होती, फक्त तिच्या पायाखाली जमीन नव्हती. बर्फाची असती तरी हेच झालं असतं. भिंत म्हणजे वाटीची कड, वाटीला तळ हवाच. आणि खोल बोअर थोडा जरी तिरका गेला, बेसाल्टच्या गोट्यांवर तो जातोच, तरी खाली दोन पाइपांमध्ये अंतर वाढतं आणि खिडकी राहते.

भिंत खरंच बंद झाली की नाही हे कळायची एक सुंदर पद्धत आहे. तरुणपणी पोलंडमधल्या तांब्याच्या खाणपट्ट्यात एका शाफ्टच्या गोठवण्याच्या कामावर मी होते. पाइपांच्या वर्तुळाच्या मधोमध एक निरीक्षण-बोअर होता. रोज सकाळी त्यात टेप सोडून पाण्याची पातळी लिहायची, हे माझं काम. सात आठवडे आकडा बाहेरच्या पातळीबरोबर वरखाली होत राहिला. एका सकाळी तो बाहेरची पातळी स्थिर असताना चार सेंटिमीटर वर, दुसऱ्या दिवशी अकरा. बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. वर्तुळ मिटलं होतं, फुगणाऱ्या बर्फाने दाबलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट उरली नव्हती, म्हणून ते बोअरमध्ये वर चढत होतं. तापमापकं सगळी आदल्या आठवड्यापासून शून्याखाली दाखवत होती, पण मुकादमाने विश्वास ठेवला तो त्या टेपवर. मी आजही तेच करते.

आता तुमच्या थिनरचं. हे उत्तरातलं सर्वांत महत्त्वाचं आहे. थिनरमध्ये टोल्युइनसारखी द्रावणं असतात. टोल्युइन गोठतं उणे ९५ अंशांना. पाण्याहून हलकं असल्यामुळे टाकीतून गळलेलं थिनर खाली भूजलाच्या पृष्ठभागावर तरंगत पसरतं, आणि त्याचा थोडा अंश पाण्यात विरघळून तुमच्या विहिरीपर्यंत येतो. विरघळलेला भाग ज्या पाण्यात आहे ते पाणी गोठवून अडवता येईल. पण जिथे मातीच्या पोकळीत शुद्ध थिनरच भरलेलं आहे तिथे उणे ३० काय, उणे ५० अंशांनाही ते द्रवच राहणार. आणि भूजलाच्या वरच्या ओलसर पण न भिजलेल्या मातीत बर्फ पोकळ्या बुजवण्याइतका बनतच नाही, थिनर तिथून भिंत ओलांडू शकतं. वरून पाणी सोडून ती माती भिजवावी लागते, आणि ते पाणी सोडताना थिनर आणखी पसरू शकतं. किरणोत्सारी क्षार किंवा आर्सेनिक पाण्यात विरघळलेलं असतं, त्याला हा उपाय नीट लागू पडतो. तेलकट, तरंगणाऱ्या द्रावणाला तो अर्धवटच लागू पडतो.

खर्चाचा अंदाज देते, कागदावरचा आहे पण कामाचा. समजा टाकीभोवती ५० बाय ५० मीटरचा चौकोन, १० मीटर खोल, दीड मीटर जाड भिंत. म्हणजे ३,००० घनमीटर जमीन. आजूबाजूच्या जमिनीतून येणारी उष्णता धरून, आणि उणे ३० अंशांचं खारं पाणी बनवणारं मशीन एका युनिट विजेत दीड युनिट उष्णता काढतं असं धरून, नुसतं गोठवायला दोन-अडीच लाख युनिट वीज लागेल. नंतर टिकवायला दिवसाला पाचशे-सहाशे युनिट, म्हणजे वर्षाला आणखी दोन लाख. उद्योगाचा दर नऊ रुपये धरला तर वर्षाला अठरा लाख रुपये, भिंत नुसती उभी ठेवायला. यात दोनशे बोअर, पाइप, मशीन, माणसं धरलेली नाहीत. मशीन बाकी आपल्याकडे चालेल. मेच्या कोरड्या हवेत पाण्यावर चालणारा कंडेन्सर घरच्या कूलरसारखाच उत्तम काम करतो, फक्त त्याला रोज पाणी पाजावं लागतं. आणखी एक, आत पडणारा पाऊस. नागपुरात वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पडतो. त्या अडीच हजार चौरस मीटरवर पडलेलं सगळं मुरलं तर वर्षाला अडीच हजार घनमीटरहून जास्त पाणी आत साठेल आणि भिंतीच्या आतली पातळी बाहेरच्यापेक्षा वर जाईल. म्हणजे वरून ताडपत्री नव्हे, नीट उताराचं झाकण घालावंच लागणार.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या ठिकाणी जमीन गोठवू नये. गोठवणं मी कुठे सुचवेन? जिथे अतिविषारी खड्डा वर्षभरात उकरून काढायचा आहे, खणताना पाणी आत येऊ द्यायचं नाही, भोवती केबल-पाइपांचं जाळं असल्यामुळे चर खणता येत नाही, आणि काम झाल्यावर जमिनीत काही मागे ठेवायचं नाही. बर्फाची मोठी जमेची बाजू तीच आहे: मशीन बंद करा, भिंत नाहीशी होते. तुमची गरज वेगळी आहे. टाकी आणि तिच्याखालची भिजलेली माती काढायची, आणि तुमच्या बांधालगत, कारखान्याच्या बाजूला, मुरमातून पाषाणापर्यंत आडवा चर खणून त्यात खडी आणि भोकांचा पाइप टाकून पाणी उपसायचं. वर तरंगणारं थिनर वेगळं गोळा करायचं, पाणी कार्बनमधून गाळायचं. हा चर एका पोकलेनने आठवड्यात होतो. पण तो कुठे खणायचा हे आज कुणालाच माहीत नाही, मलाही नाही, कारण पाणी कुठून कुठे जातं हे अजून कुणी मोजलेलं नाही.

ते तुम्ही या महिन्यातच मोजू शकता. तुमची विहीर धरून आसपासच्या किमान तीन विहिरी निवडा, एका रेषेत नसलेल्या. एकाच दिवशी, सगळ्यांच्या मोटारी आदल्या रात्रीपासून बंद ठेवून, खडू फासलेली स्टीलची टेप सोडा. विहिरीच्या काठाशी टेपचा जो आकडा येतो त्यातून खडू जिथपर्यंत ओला झाला तो आकडा वजा करा आणि उरलेलं लिहा. विहिरींच्या काठांची उंची पाण्याच्या नळीने किंवा सर्व्हेच्या मशीनने एकमेकांशी जुळवून घ्या. या तीन आकड्यांवरून पाण्याचा उतार कोणत्या दिशेला आहे ते कागदावर काढता येतं. एकदा आता आणि एकदा सप्टेंबरमध्ये, कारण पावसाळ्यात दिशा बदलू शकते.

पाण्याचा नमुना तपकिरी काचेच्या बाटलीत घ्या, प्लास्टिकच्या नको, प्लास्टिक थिनर शोषतं. बाटली तोंडापर्यंत भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या आणि "बाष्पशील सेंद्रिय द्रावणांची तपासणी" असं स्पष्ट लिहून मागा. नाहीतर ते क्षार आणि जडपणा तपासून "पाणी पिण्यायोग्य" असा कागद देतील आणि तो कागद पुढे तुमच्याच विरुद्ध वापरला जाईल. अहवाल हातात आला की महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूरच्या कार्यालयात लेखी तक्रार करा, पोच घ्या आणि पाणीपातळीचे आकडे सोबत जोडा. 'नीरी' ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था नागपुरातच आहे, या विषयातली माणसं तिथे आहेत, त्यांच्याकडेही विचारणा करा.

तोपर्यंत ते पाणी पिऊ नका, जनावरांना पाजू नका, त्याने घरात आंघोळ करू नका, वास उघड्या नाकाने हुंगून तपासू नका आणि विहिरीजवळ काडी पेटवू नका. मोटार पूर्ण ताकदीने चालवू नका, ती थिनरला तुमच्याकडे ओढते. पण एकदम कायमची बंदही करू नका. आज तुमची विहीर ते थोडंफार अडवते आहे, ती थांबली तर ते तुमच्या पलीकडच्या विहिरीकडे सरकेल. ती कुणाची आहे, तिचं पाणी कोण पितं, हे आधी विचारून घ्या आणि त्यांना आजच सांगा. टेप सोडायला त्यांनाही सोबत बोलवा, तिसरी विहीर बहुतेक त्यांचीच निघेल.